तळघरातला सत्संग

गेल्या कार्तिकीला पंढरपुरी आमच्या मठात द्वादशीचे पारणे आटोपून मंडळी ओसरीवर बसली असता एक वाद निघाला. आमच्याच फडातला एक माळकरी. मुंबईस गोदीत नोकरीला होता. तेथे दारूच्या नादी लागला, माळ खुंटीला गेली आणि वारी सुटली. पाच-सहा वर्षे घरच्यांनी काय काय सोसले ते येथे सांगण्यात अर्थ नाही. आता तीन वर्षे होत आली, तो थेंबाला शिवलेला नाही. पण सुटला कोठे? मुंबईतल्या एका ख्रिस्ती देवळाच्या आवारातल्या खोलीत. तेथे आठवड्यातून काही दिवस संध्याकाळी दारूने पोळलेली माणसे एकत्र बसतात, आपली हकीगत सांगतात व दुसऱ्याची ऐकतात.

हे ऐकताच एक वृद्ध माळकरी म्हणाले, "म्हणजे पाद्र्यांनी ओढला म्हणा की! उद्या गळ्यात क्रूस दिसला तर नवल करू नका."

त्यावर एक तरुण टाळकरी उसळून म्हणाला, "ओढला तर ओढला, बाबा. जगला ना? आपण कुठे ओढत होतो त्याला?"

वाद तेथेच थांबला, कारण कोणापाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नव्हते. तेव्हापासून या मंडळींचा वृत्तान्त मिळेल तितका आम्ही वाचला. वृद्ध बाबांची शंका अगदीच निराधार नाही, पण खरी गोष्ट तिच्याहून निराळी आहे. ती वारकऱ्यांनी समजून घ्यावी अशी असल्यामुळे येथे मांडतो.

या मंडळींना 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर नाव-गाव न सांगणारे दारुडे. यांचे मूळ चर्चमध्येच आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. फ्रँक बुकमन नावाच्या अमेरिकन लुथेरन पाद्र्यांनी १९२१ साली एक चळवळ काढली. पुढे तिला 'ऑक्सफर्ड ग्रुप' म्हणू लागले. आपले दोष दुसऱ्यापाशी उघड बोलावे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी, सकाळी शांत बसून देवाचा शब्द ऐकावा, अशी तिची रीत. न्यूयॉर्कला सॅम्युएल शूमेकर हे पाद्री आपल्या कॅल्व्हरी चर्चमध्ये हे काम चालवीत. १९३४ च्या नोव्हेंबरात बिल विल्सन या शेअरबाजारात आणि दारूत बुडालेल्या गृहस्थाकडे त्याचा जुना पिण्यातला सोबती एबी थॅचर आला. समोर ठेवलेला पेला त्याने नाकारला, आणि आपण या धर्ममंडळींत राहून सुटलो असे सांगितले. विल्सन आधी हसला. पण डिसेंबरात त्याचीही दारू सुटली, ती कायमची.

पुढच्या मे महिन्यात विल्सन ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी धंद्याच्या कामाला गेला. काम फसले. खिशात पैसा नाही, गावात ओळख नाही. हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला दारूचा गुत्ता गजबजलेला, आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोन व गावातल्या चर्चांची यादी. विल्सन यादीकडे वळला. त्याने वॉल्टर टंक्स नावाच्या पाद्र्यांना टेलिफोन लावला. टंक्स यांनी वेड्याचा कारभार म्हणून फोन ठेवून दिला नाही. त्यांनी काही नावे दिली. त्यांतून हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंकडे आणि त्यांच्याकडून डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्याकडे वाट निघाली. डॉक्टर स्वतः हाताबाहेर गेलेले पिणारे. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही असे ठरवून ते आले आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. १९३५ च्या जूनची १० तारीख हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानतात, आणि तोच या संघाचा जन्मदिवस.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. विल्सनने पाद्र्यांकडे काय मागितले? पापाची क्षमा मागितली नाही, पैसेही मागितले नाहीत. त्याने दुसरा एक दारुडा मागितला. आपण बुडणार हे त्याला दिसत होते, आणि दुसऱ्या बुडणाऱ्याला हात दिला तरच आपण तरू हे त्याला उमगले होते. चर्चने त्या दिवशी उपदेश केला नाही, फक्त पत्ता दिला. आमच्या मते चर्चने या लोकांसाठी केलेले सर्वांत मोठे काम तेच.

पण पुढे फाटले. कॅल्व्हरी चर्चच्या मंडळींना विल्सनच्या घरी फक्त दारुड्यांच्या वेगळ्या बैठका भरतात हे रुचेना. चर्चच्या आश्रयाला राहणाऱ्या पिणाऱ्यांना तिकडे जाण्याची मनाई झाली. शूमेकर यांनी पुढे याबद्दल दिलगिरी कळविली, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारेच. न्यूयॉर्कचे दारुडे १९३७ साली ऑक्सफर्ड ग्रुपमधून बाहेर पडले आणि अ‍ॅक्रनचे १९३९ साली. कारणे अनेक होती. ग्रुपला संपूर्ण सत्य, संपूर्ण शुचिता, संपूर्ण निःस्वार्थ आणि संपूर्ण प्रेम हवे असे. काल रात्री गटारात पडलेल्या माणसाला 'संपूर्ण' हा शब्दच धडकी भरवतो. त्याला आजचा दिवस काढायचा असतो. शिवाय ग्रुपला नामांकित माणसांचा गाजावाजा हवा होता, आणि दारुड्याला तोंड लपवायचे होते. तिसरे असे की, रोमन कॅथलिक माणसाला त्या प्रोटेस्टंट वळणाच्या मंडळींत बसता येईना, आणि दारू तर पंथ बघत नाही.

१९३९ साली त्यांचा ग्रंथ निघाला, त्यात बारा पायऱ्या आल्या. आपण हतबल आहोत हे कबूल करणे, आपल्याहून थोर शक्तीवर भार टाकणे, आपल्या दोषांचा झाडा घेऊन तो देवापुढे आणि एका माणसापुढे वाचणे, ज्यांना दुखविले त्यांची भरपाई करणे, आणि शेवटी दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत हा निरोप नेणे. सारा माल चर्चचा, पण वरची चिठ्ठी काढून टाकलेली. येशूचे नाव पायऱ्यांत नाही. देवाचे आहे, पण ज्याला जसा समजेल तसा देव. दोन-तीन नास्तिक सभासदांनी हट्ट धरला म्हणून ही सवलत आली, असे ते लोक स्वतःच सांगतात.

याच सवलतीवर आजवर दोन्ही बाजूंनी वाद चालू आहे. काही ख्रिस्ती म्हणतात, नाव नसलेला देव म्हणजे देवच नव्हे. अशाने जो तो आपापली मूर्ती घडवील. म्हणून १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चने येशूचे नाव उघड घेणारी आपली वेगळी व्यवस्था काढली, आणि ती अनेक चर्चांत चालते. उलट दुसरे म्हणतात, नाव काढले तरी हे चर्चच आहे. १९९६ साली न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ठरविले की सरकारने कैद्याला अशा बैठकांची सक्ती करू नये, कारण त्यांचा गाभा धार्मिक आहे. एकाला त्यात धर्म कमी वाटतो आणि दुसऱ्याला जास्त!

आता आम्हांस विचाराल तर आम्ही नामाचे लोक. नाम हेच आमचे साधन, म्हणून निनावी देव आमच्या घशाखाली सहज उतरत नाही. सॅडलबॅकच्या मंडळींचे दुखणे आम्हांला कळते. परंतु कीर्तनात आपण अजामिळाची कथा सांगतो, ती काय म्हणून सांगतो? त्याने देवाला हाक मारलीच नव्हती. त्याने मुलाला हाक मारली. भय आणि माया यांनी जीव घाबरा झाला होता, तोंडी आला तो शब्द मुलाचा होता, आणि नारायणाने तो आपला मानला. देवाने तेथे पत्ता तपासला नाही. मग बुडणारा माणूस कोणा अनाम शक्तीला 'वाचव' म्हणाला, तर आपण मध्ये उभे राहून पत्ता तपासावा काय?

आणि नाव आधीच दारावर लिहिले तर त्या पायऱ्या उतरणार कोण? आमचा गोदीतला माणूस खचित उतरला नसता. त्याच्या शेजारी एक मुसलमान टॅक्सीवाला बसतो, तोही उतरला नसता.

चर्चशी यांचा आजचा संबंध असा की ते त्याचे भाडेकरू आहेत. अमेरिकेत यांच्या कितीतरी बैठका चर्चच्या तळघरात भरतात. वर रविवारी स्वच्छ कपड्यांत उपासना, आणि खाली मंगळवारी कळकट चहा व खरे बोलणे. हे लोक खोलीचे भाडे आपल्या टोपलीतून देतात, बाहेरचा पैसा घेत नाहीत, कोणत्याही पंथाशी नाते लावत नाहीत. १९५० साली त्यांनी हे नियम म्हणून स्वीकारले. दिंडीत आपण भिशी भरतो तसेच हे. भाडे देणारा मिंधा होत नाही, आणि जागा देणाऱ्यालाही धर्मांतराचा हिशेब मांडता येत नाही. वृद्ध बाबांच्या शंकेला हेच उत्तर. आमच्या माणसाला तीन वर्षांत त्या देवळातल्या कोणी उपासनेस ये म्हणून म्हटलेले नाही. पाद्रीबाबा जिन्यात भेटले तर पंखा चालतो का एवढे विचारतात.

मात्र शूमेकर यांनीच पुढे एक विषय मांडला होता: चर्चने या लोकांपासून काय शिकावे. आम्हांला तोच प्रश्न आपल्यासाठी घ्यावासा वाटतो. त्यासाठी एक गोष्ट सांगतो, ती वाचल्यापासून मनातून जात नाही.

अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात इग्नेशिया नावाच्या एक जोगीण होत्या. रुग्णालये दारुड्याला दारात उभे करीत नसत त्या काळात, १९३९ साली, डॉक्टर स्मिथांच्या साहाय्याने त्या अशा रोग्यांना दाखल करून घेऊ लागल्या. बरा होऊन निघणाऱ्याच्या हातात त्या येशूच्या पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला देत, आणि एकच वचन घेत: पुन्हा पहिला पेला घ्यावासा वाटला तर आधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा.

वारकऱ्याला हे वाचताना आपली माळ आठवल्याशिवाय राहील काय? आपणही माळ देतो, दारू व मांस वर्ज्य करवितो, वारीचे व एकादशीचे वचन घेतो. बिल्ल्यापेक्षा तुळशीची माळ आम्हांस प्राणाहून प्रिय. पण माळकरी घसरतो तेव्हा काय करतो? माळ गुपचूप काढतो आणि खुंटीला अडकवितो. खुंटी काही विचारत नाही. दुसऱ्या वर्षी तो दिंडीत दिसत नाही. आपण म्हणतो, "गेला बिचारा वाया," आणि त्याच्या जागी दुसरा टाळकरी उभा करतो. बिल्ला मात्र जिवंत माणसाच्या हातात द्यावा लागे. देण्यासाठी तोंड दाखवावे लागे, आणि तोंड दाखविले की पुष्कळदा पेला राहून जाई.

आमच्या संतांनी आपले दोष, आपले पतितपण भर कीर्तनात अभंगांतून सांगितले. आम्ही ते अभंग टाळावर गातो, पण स्वतःचे एक वाक्य त्यात घालत नाही. तुकोबांनी 'मी' म्हटले की ते तुकोबांचे, आमचे नव्हे! चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. तिच्यापुढे डोके टेकवून आपण आत जातो, आणि दारात घुटमळणाऱ्याला ओलांडून जातो. तो तरुण टाळकरी रागावला तो यासाठी.

एक अडचण आहे ती लपवीत नाही. माळ जन्माची असते, आणि त्या बैठकीत वचन फक्त आजच्या दिवसाचे असते. ही दोन एका गळ्यात कशी बसवावी याविषयी आमच्या फडात अजून एकमत नाही. काही म्हणतात, घसरलेल्याला पुन्हा माळ देणे म्हणजे माळेची किंमत कमी करणे. आम्हांला तसे वाटत नाही, पण ज्यांना वाटते तेही निष्ठावंत आहेत.

यंदा आषाढीला तो गोदीतला माणूस आळंदीहून आमच्या दिंडीत चालला. गळा मोकळा होता. दिवे घाट चढून आल्यावर सासवडच्या मुक्कामी रात्री आम्ही त्याला जवळ बोलावून म्हटले, "माउली, पंढरपुरी पोचल्यावर माळ घालू या का?"

तो पाय चोळीत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "घालीन महाराज, पण तुमच्या हातून. आणि कधी काढायची वेळ आली तर तुमच्याच हातात आणून देईन, रात्री दोन वाजले तरी. तेव्हा दार उघडाल का, ते आधी सांगा."