मधल्या घराची मिळकत

देवळाली कॅम्पातील लॅम रोडने सायंकाळी फिरावयास निघालेल्या माणसाच्या दृष्टीस एकाच फेरीत मुंबईच्या पारशांनी हवापालटासाठी बांधलेली जुनी सॅनेटोरियमे, तोफखान्यातून निवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेल्या सुभेदारांची टुमदार घरे आणि बंगल्यांच्या आवारांतील माळ्यांच्या पत्र्याच्या खोल्या पडतात; आणि या सर्वांची मिळकत एकत्र करून तिला घरांच्या संख्येने भागले, तर येणारा आकडा बहुधा यांपैकी एकाही घराचा नसतो. हीच घरे मिळकतीच्या चढत्या क्रमाने उभी करावीत आणि बरोबर मधले घर निवडावे, म्हणजे त्याची मिळकत हा मध्यक होय. एखाद्या बंगलेवाल्यास उद्या कोटीचे घबाड सापडले तर सरासरी उडी मारते, मध्यक जागचा हलत नाही. ही व्याख्या शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु जेथे १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात त्या नाशिक रोडच्या जिल्ह्यात मधल्या घरी त्यांपैकी किती पोहोचतात, याचा आकडा दरसाल काढण्याची रीत आपल्याकडे पडलीच नाही.

आपल्या विचाराचा आरंभ भागाकाराने झाला. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मांडलेल्या निबंधात प्रांतोप्रांतीच्या उत्पादनास लोकसंख्येने भागून हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न २० रुपये ठरविले, आणि तुरुंगातील कैद्याच्या निर्वाहासही याहून अधिक खर्च येतो, हे त्याच्या शेजारी मांडले. लहानमोठ्या जिल्ह्यांचे भाव एकाच मापाने धरून काढलेल्या सरकारी सरासऱ्या किती भोंगळ असतात, हेही त्यांनीच दाखविले होते. पुढे १९०१ साली लॉर्ड कर्झनने तोच आकडा ३० वर नेला. वाद वीस की तीस याचा झाला, आणि ते रुपये कोणाच्या घरात किती, हा प्रश्न बाजूस पडला.

त्या प्रश्नासाठी घरात शिरावे लागते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे पिंपळे सौदागर गावी असे शिरले, आणि १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक कुटुंबांचा खर्च मिळकतीतून भागत नसल्याचे आढळले. मध्यक हा शब्द न उच्चारता मान मधल्या घरापर्यंत पोहोचले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९५० पासून, राष्ट्रीय नमुना पाहणीने ही घरोघरची वाट राजमार्ग केली खरी, परंतु तिने विचारले ते मुख्यतः खर्चाविषयी. नवव्या, चौदाव्या, एकोणिसाव्या व चोविसाव्या फेरीत उत्पन्नही विचारून पाहिले. तो आकडा खर्च व बचत यांच्या बेरजेहून कमी भरू लागला, आणि प्रयोग सोडण्यात आला. ही सारीच लबाडी असे मला वाटत नाही. निफाडचा द्राक्षबागायतदार औषधफवारणीची उधारी, व्यापाऱ्याने बुडविलेली बाकी आणि अवकाळीने झडलेला घड यांची वजाबाकी कोणत्या वर्षात घालणार? मात्र थोडी लबाडी आहेच, आणि ती आपणच शिकविली. शेजारच्या बंगल्यातील माळीदादांच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, वर्षाचे उत्पन्न किती लिहू, असे मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मर्यादा किती हाय?" ज्या राज्यात शिधापत्रिकेचा रंगही १९९९ पासून उत्पन्नावर ठरतो, १५ हजारांपर्यंत पिवळा, लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरा, तेथे माणूस आधी रंग पाहतो आणि मग आकडा सांगतो.

अमेरिकेने जनगणनेत मजुरीचा प्रश्न १९४० साली घातला. तेथे आता तीन हजारांवर कौंट्यांचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचा, मध्यक दरसाल निघतो. तो काढण्याची युक्ती फे व हेरियट या दोघांनी १९७९ साली मांडलेल्या रीतीवर उभी आहे. जेथे पाहणीत मोजकीच घरे सापडली, तेथील आकड्यावर भिस्त कमी ठेवावयाची आणि करविवरणांसारख्या कागदांवरून बांधलेल्या अदमासाचा आधार त्यास द्यावयाचा, असा तिचा आशय आहे. पीककापणीचा प्रयोग मोजक्या वाफ्यांत करून नजर-अंदाजास लगाम घालणाऱ्या आपल्या महसूल खात्यास ही गोष्ट अगदीच परकी वाटू नये. अडचण कागदांची आहे: शेतीच्या उत्पन्नास आयकर नाही, त्यामुळे करदप्तरात निफाडचा बागायतदार दिसत नाही आणि हंगामात दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांवर राबणारा सुरगाण्याचा मजूरही दिसत नाही. उलट कॅम्पातील निवृत्तिवेतन पैशापर्यंत लिहिलेले सापडते. शिवाय नाशिक जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांचे मध्यक मिळविले तरी त्यांच्या सरासरीने जिल्ह्याचा मध्यक हाती येत नाही. सगळी घरे एकाच रांगेत यावी लागतात.

जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीत जिल्हा हाच मूळ घटक धरण्यात आला, आणि त्याच वर्षी केंद्राने कुटुंबांच्या उत्पन्नाची स्वतंत्र पाहणी २०२६ मध्ये करण्याचे जाहीर केले. तिचा प्रगणक आपल्या दारी आला, तर वाचकांनी त्यास बसावयास पाट द्यावा, चहा विचारावा, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा तेवढा सांगू नये.