सात नावं

वाढणारा ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. पण वाढणाऱ्यांत ज्याच्या ओळखीचं कोणीच नसतं, त्याचं काय? ख्रिस्ती मंडळीत अधिकाराची पहिली वाटणी झाली, ती याच प्रश्नातून.

येशूच्या नंतरची पहिली काही वर्षं. यरुशलेममधले अनुयायी आपल्याजवळचं एकत्र करत आणि त्यातून निराधारांना रोजचं अन्न मिळे. कारभार बारा प्रेषितांच्या हाती होता. मंडळीत अरामी बोलणारे स्थानिक होते, तसे ग्रीक बोलणारे यहूदीही होते. या ग्रीकभाषकांत कुरकुर सुरू झाली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना वगळलं जातं. नवरा गेलेला, भाषा वेगळी, बाजू मांडायला कोणी नाही, अशा बायकांबद्दलची ही तक्रार होती.

पुढे काय झालं ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना कृतघ्न ठरवलं नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि सांगितलं, की तुमच्यातलीच चांगल्या लौकिकाची सात माणसं तुम्ही निवडा, हे काम आम्ही त्यांच्याकडे सोपवतो. लोकांनी निवडलेली नावं अशी: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. अंत्युखियाहून आलेला आणि नंतर यहूदी धर्म स्वीकारलेला तो माणूस. नावांवरून दिसतं ते असं, की ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती कोठार दिलं गेलं, आणि तेही फक्त त्यांच्या विधवांपुरतं नाही, तर सगळ्यांसाठी. लोकांची निवड आधी झाली, प्रेषितांनी डोक्यावर हात ठेवले ते नंतर.

मला या प्रसंगाचं मोल फार मोठं वाटतं. तक्रार ऐकून घेणारे पुढारी पुष्कळ असतात. चौकशी नेमणारे, आश्वासन देणारे, दोन दिवस ताट भरून तोंड बंद करणारेही असतात. पण अन्याय झाला असं जो म्हणतो, त्यालाच ‘आता तू वाटप कर’ असं सांगायला आपल्या अधिकारावरची पकड सैल करावी लागते, आणि समोरचा सूड न घेता न्यायाने वागेल असा विश्वास टाकावा लागतो.

ही आठवण बराच काळ टिकली. इ.स. 251मध्ये रोमचे बिशप कॉर्नेलियस यांनी एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे. 46 वडील, म्हणजे धर्मगुरू, आणि सेवेसाठी नेमलेले डीकन मात्र बरोबर सात. शिवाय मंडळी ज्यांना पोसत होती अशा विधवा आणि गरजू 1500हून अधिक. बिशपपदावर हक्क सांगणाऱ्या नोव्हेशियनशी झगडा चालू असताना लिहिलेलं हे पत्र आहे. त्या झगड्यातही आपल्या मंडळीचं मोठेपण सांगताना त्यांना या विधवा मोजाव्याशा वाटल्या.

त्याच रोममध्ये 366 साली बिशपपदासाठी डमासस आणि उर्सिनस यांचे समर्थक भिडले. एका दिवसात एका प्रार्थनामंदिरात 137 प्रेतं पडली, असं अमिआनस मार्सेलिनस या इतिहासकाराने नोंदवलं आहे. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. या पदासाठी माणसं एवढी का झटतात, याचं कारणही तो देतो: श्रीमंत स्त्रियांच्या देणग्या, फिरायला रथ, उंची कपडे आणि राजांनाही मागे टाकतील अशा मेजवान्या. विधवांच्या घासावरून सुरू झालेला अधिकार स्वतःच्याच ताटात येऊन बसला होता. आणि तोच अमिआनस प्रांतांतल्या काही बिशपांची स्तुती करतो. मोजकं खाणं-पिणं आणि साधा पेहराव यांमुळे ते देवाला आणि खऱ्या भक्तांना भावतात, असं तो म्हणतो. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्यालाही फरक कळत होता.

हा फरक कुठल्याही एका धर्मापुरता नाही. देवस्थानाचा ट्रस्ट असो, पतसंस्था असो, सोसायटीची कमिटी असो की चार भावांचं घर, अधिकार हाती आला की माणूस आपल्याला मान किती मिळतो ते मोजू लागतो. त्याऐवजी त्याने आपल्या हाताखालच्या कोणाला काय मिळालं नाही ते मोजावं. आणि कुरकुर कानावर आली, तर ती करणाऱ्याला पुढच्या बैठकीत शेजारची खुर्ची द्यावी, हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवावी. अधिकार त्याने कमी होत नाही. तो विश्वासाला पात्र ठरतो, आणि विश्वास नसलेला अधिकार शेवटी दंडुक्यावरच उभा राहतो.