गडग्यावरचा काला

सज्जनहो, वैशाख लागला की मालवणच्या वाडीवाडीत मुंबईकर चाकरमान्यांची मुले उतरतात. खळ्यात आमसुले वाळत असतात, पिकल्या फणसाचा वास घरभर सुटलेला असतो, आणि मुले या घरातून त्या घरात वाऱ्यासारखी पळत असतात. मोठ्यांचे काय? आंब्याची फांदी गडग्यापलीकडे गेली, एवढ्यावरून भावाभावांचे बोलणे बंद! वर मुलांना ताकीद, "त्यांच्या खळ्यात जायचे नाही." बाबांनो, जमिनीची वाटणी सरकारी मोजणीने होईल, पण लेकरांच्या मनात गडगा घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

शांतिब्रह्म एकनाथमहाराजांची कथा आपण ऐकतोच. पैठणास गोदेच्या तापल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू त्यांनी कडेवर घेतले आणि घरी पोचविले. कोणाचे, हे पाहिले नाही.

आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी आपण एकमेकांच्या मुखी काला घालतो. तो तेथेच ठेवून यायचे काय? वारीत परक्याच्या पाया पडतो, आणि सख्ख्या भावाचा उंबरा ओलांडवत नाही! तर यंदा पाडाचा पहिला आंबा गडग्यापलीकडच्या पोराच्या हाती द्यावा. नैवेद्य पांडुरंगास पोचला असे समजावे.

रामकृष्णहरि!