वाट कोणी ठरवायची?

दान करताना आपण सहसा दोन प्रश्न विचारतो : किती द्यायचे आणि कोणाला द्यायचे. तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपण जे देतो त्यामुळे घेणाऱ्याच्या आयुष्याची सूत्रे त्याच्याच हाती राहतात, की आपल्या हाती येतात? दिव्यांग व्यक्तींना साहाय्य करणारे कुत्रे तयार करण्यासाठी अनेक देशांत लोकवर्गणी गोळा केली जाते. त्या उदाहरणाच्या आधारे या तिसऱ्या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. 1928 साली मॉरिस फ्रँक हा अमेरिकन अंध तरुण स्वित्झर्लंडमध्ये डोरोथी युस्टिस यांच्या केंद्रात जाऊन ‘बडी’ नावाच्या कुत्रीसोबत चालायला शिकला. पुढच्याच वर्षी या दोघांनी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन केली. इंग्लंडमध्ये 1964 साली ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने दुधाच्या बाटल्यांची झाकणे आणि चंदेरी कागद गोळा करण्याचे आवाहन केले. मुलांनी धाडलेल्या त्या रद्दीतून ‘हनी’ नावाची कुत्री तयार झाली. विधवेच्या दोन टोल्यांचे मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या झाकणांचे मोल वेगळे सांगायला नको.

अशा कार्याला पैसा लागतो, आणि तो पुष्कळ लागतो. पिलू सुमारे वर्षभर एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वाढते. मग काही महिने प्रशिक्षकाकडे शिकते. त्यानंतर ज्याच्यासोबत राहायचे त्या व्यक्तीशी त्याची जोडी जमवावी लागते. काही कुत्री या कसोट्यांना उतरतच नाहीत. जी उतरतात तीही साधारणपणे सहा ते आठ वर्षेच काम करतात. साहजिकच एकेका कुत्र्यामागे लाखो रुपये खर्च होतात.

या कुत्र्यांविषयी एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो. आपल्याला वाटते, कुत्रा अंध माणसाला इच्छित स्थळी घेऊन जातो. वस्तुतः कुठे जायचे आणि कुठे वळायचे हे माणूसच ठरवतो. कुत्रा वाटेतील खड्डा, खांब, पायरी तेवढी ओळखतो. एका प्रसंगी मात्र तो आज्ञा मोडतो. मालकाने ‘चल’ म्हटले आणि समोरून वाहन येत असले, तर तो जागचा हलत नाही. हा आज्ञाभंग त्याला मुद्दाम शिकवलेला असतो.

आमच्या मते दात्याने यातून धडा घ्यावा. दुसऱ्याच्या सोबत चालावे, धोका दिसला तर थांबवावे. परंतु मुक्काम ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडेच ठेवावा. आपण पुष्कळदा याच्या उलट वागतो. मुक्काम आपण ठरवतो आणि खड्डे त्याच्या वाट्याला सोडतो.

हा विचार आपल्या भूमीवर तपासून पाहू. पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके डोंगरदऱ्यांचे. तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या किंवा भाटघर धरणाच्या काठच्या एखाद्या वाडीत राहणारी अंध व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. तिची वाट भातखाचरांच्या बांधावरून जाते. पावसाळ्यात ती निसरडी होते. पदपथ नाही, आणि गावची कुत्री परक्या कुत्र्याला सुखाने जाऊ देणार नाहीत. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. पण गाडीची उंच पायरी सवलतीने खाली येत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा नियम आहे. तो खर्च झाला का, हे ग्रामसभेत विचारायला वर्गणी लागत नाही, धैर्य लागते. जे हक्काचे आहे ते दया म्हणून वाटू नये.

मग येथे कुत्र्यासाठी वर्गणी काढणे ही चैन म्हणावी काय? हिशेबी मन सांगेल की दिल्लीच्या आय.आय.टी.ने विकसित केलेली, पुढचा अडथळा कंपनाने सुचवणारी काठी 2014 साली सुमारे तीन हजार रुपयांना बाजारात आली. एका कुत्र्याच्या खर्चात अशा शेकडो काठ्या येतील. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग आहेत आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक खेड्यांत राहतात. ही संख्या पाहता हिशेब खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. नव्याण्णव मेंढरे सोडून एका मेंढराच्या शोधात निघालेला मेंढपाळ या हिशेबात बसत नाही. शिवाय ‘गरिबाला काठी पुरे’ असे परभारे ठरवणे हेही त्याचा मुक्काम आपण ठरवणेच होय. त्याच वाडीतील एखादी अंध मुलगी उद्या पुण्याला महाविद्यालयात जाईल आणि शहराच्या रस्त्यांवर तिला कुत्र्याचीच सोबत हवीशी वाटेल. तिच्या वडिलांना घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत लोखंडी कठडा हवा असेल. दोन्ही मागण्या सारख्याच मानाच्या आहेत.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारत होता, तेव्हा त्याला काय हवे हे न कळण्याजोगे नव्हते. तरीही प्रभूने त्याला आधी विचारले की, मी तुझ्यासाठी काय करू? त्या प्रश्नाने भिकाऱ्याला प्रथम बोलणारा माणूस केले. दृष्टी त्यानंतर आली.

‘द सीइंग आय’ ही संस्था देणग्यांवर चालते. तरी ती पहिल्या कुत्र्यासाठी दीडशे डॉलर घेते, आणि ही रक्कम 1930 च्या दशकापासून वाढलेली नाही. त्या रकमेत खर्चाचा अल्पसा अंशही निघत नाही. पण घेणारा याचक राहत नाही, कुत्र्याचा धनी होतो. आपल्याकडे तीनचाकी सायकल देताना दिव्यांगाला व्यासपीठावर बसवून त्याचे छायाचित्र काढले जाते. त्या छायाचित्राची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपल्या धर्मग्रामांनी अवश्य करावा.

तोबीताच्या ग्रंथात एक कुत्रा आहे. अंध तोबीताचा मुलगा तोबिया राफाएल देवदूताबरोबर दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा तो कुत्रा त्यांच्यासोबत जातो आणि परततानाही सोबत असतो. त्याने काही पराक्रम केल्याचे ग्रंथ सांगत नाही.

येत्या उपवासकाळात एखाद्या धर्मग्रामाने दिव्यांगांसाठी निधी उभारायचे ठरवले, तर दानपेटी ठेवण्यापूर्वी एक सभा घ्यावी. तीत दिव्यांग बंधुभगिनींनी बोलावे आणि आपण ऐकावे. पेटीवर काय लिहायचे, ते त्यानंतर ठरवावे.