झीज आणि जबाबदारी

झिजणे हा वस्तूचा धर्म आहे. झीज न जाणवणे हा मात्र माणसाच्या सवयीचा परिणाम असतो. जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांवरील स्ट्रट हे याचे बोलके उदाहरण होय. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले ती मारुती ८०० भारतातील कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांचे पहिले वाहन ठरली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांना स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर यांना एकत्र बांधणारा मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. खड्ड्याने तिच्यात उठवलेले आंदोलन स्ट्रटमधील तेल शमवते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते तेल ढकलले जाते आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णता होऊन विरते. तेल गळू लागले की स्प्रिंगचे उसळणे आवरणारे काही उरत नाही.

हा बदल एका दिवसात घडत नाही. ब्रेक दाबताच गाडीचे नाक अधिक खाली जाऊ लागते, खडबडीत रस्त्यावर चाक क्षणभर भुईवरून सुटते, थांबण्यास अधिक अंतर लागते. परंतु चालकाचे हातपाय त्या प्रत्येक फरकाशी नकळत जुळवून घेतात. दोषाबरोबर दोषाचा साक्षीदारही बदलत जातो. म्हणून ‘मला तर काही जाणवत नाही’ ही त्याची साक्ष प्रामाणिक असूनही ग्राह्य नसते. टायरवर पडलेले खळगे आणि स्ट्रटवर उतरलेला तेलाचा ओघळ यांवर अधिक विश्वास ठेवावा लागतो.

अशा वेळी काही मालक हे काम घरच्या अंगणातच करू पाहतात. त्यामागे केवळ काटकसर नसते. जी वस्तू आपण वापरतो ती समजून घ्यावी, तिच्यासाठी स्वतःचे हात काळे करावेत, ही वृत्ती आदरणीयच आहे. गांधीजींच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाला स्थान आहे. मात्र त्याच व्रतांत अहिंसा आणि अस्तेयही आहेत, आणि खरा नैतिक प्रश्न तेथे उभा राहतो.

या कामात दोन प्रकारचे धोके आहेत. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट, स्प्रिंग साधनाने नीट दाबून न धरता सोडला, तर ती जीवघेण्या जोराने उसळते. गाडी भक्कम स्टँडवर न टेकवता नुसत्या जॅकवर ठेवणेही तितकेच घातक. हा धोका प्रामुख्याने करणाऱ्याचा स्वतःचा आहे. दुसरा धोका काम संपल्यावर सुरू होतो. सैल राहिलेला बोल्ट, ब्रेकच्या नळीला बसलेला पीळ, एकाच बाजूचा बदललेला स्ट्रट यांचे फळ मागच्या आसनावरचे मूल किंवा रस्ता ओलांडणारा अनोळखी वृद्धही भोगू शकतो. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. मजुरी वाचते मालकाची आणि जोखीम वाढते त्यांची. अशी बचत अस्तेयात बसणारी नव्हे.

याचा अर्थ हे काम नेहमी गॅरेजवरच सोपवावे असा नाही. निष्काळजीपणा पैसे घेऊनही करता येतो. काम कोणाच्या हातांनी झाले यापेक्षा ते कोणत्या कसोटीला उतरले, हे महत्त्वाचे. स्ट्रट जोडीनेच बदलावेत. बोल्ट अंदाजाने न आवळता पुस्तिकेत दिलेल्या मापाने, ताण मोजणाऱ्या पान्याने आवळावेत. नंतर चाकांचे अलाइनमेंट यंत्रावर तपासून घ्यावे. शंका उरली तर जाणत्या कारागिराला दाखवावे. यात स्वावलंबनाला कमीपणा येत नाही. ज्या सवयीने वर्षानुवर्षे झीज लपवली, तीच सवय स्वतःच्या कामातील उणीवही लपवू शकते, एवढे मान्य करणारा माणूसच पाना हाती घेण्यास अधिक पात्र असतो.