चाहत्याची निष्ठा

ज्या खेळांत आपण चेंडूस हातहि लाविला नाहीं, त्यांतील जयानें मनुष्याची छाती कां फुगावी, आणि पराजयानें त्यास अन्न कडू कां लागावें? प्रश्न पोरकट दिसतो खरा. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलाबामा येथील हकीकत ऐकिली म्हणजे तो तसा राहत नाहीं.

त्या संस्थानांत टस्कलूसा येथें अलाबामा विद्यापीठ व ऑबर्न येथें ऑबर्न विद्यापीठ आहे. दोहोंच्या फुटबॉल-संघांचा पहिला सामना १८९३ सालीं झाला. पुढें १९०७ नंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंचांची नेमणूक एवढ्यावरून बेबनाव होऊन ४१ वर्षें सामनाच बंद पडला! मंडळ्यांतील तंटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. १९४८ सालीं तो पुनः सुरू झाला.

अलाबामांत धंदेवाईक खेळाडूंचा पहिल्या प्रतीचा एकहि संघ नाहीं. म्हणून तेथील सारा अभिमान ह्या दोन विद्यापीठांकडे वळला. यादवी युद्धानंतर दारिद्र्य व उपहास सोशीत आलेल्या दक्षिणेस, १९२६ सालच्या रोझ बोल सामन्यांत अलाबामानें वॉशिंग्टनवर २०-१९ असा जय मिळविला तेव्हां, गेलेली अब्रू परत आल्यासारखें वाटलें. ऑबर्न हें पूर्वींचें शेतकी शिकविणारें कॉलेज. त्याच्या लोकांस दुसरे शेतकरी म्हणून हिणवीत. बाप ज्या पक्षाचा, लेंकरूंहि त्याच पक्षाचें. कित्येकांनीं तर त्या विद्यापीठाची पायरीहि चढलेली नसते. आम्हांस वाटतें, चाहत्यास जय हवा असतो त्याहूनहि अधिक, ‘आम्ही’ असें म्हणावयास सोबती हवे असतात.

ऑबर्न येथें टूमर्स नांवाच्या कोपऱ्यावर दोन जुने ओकवृक्ष होते. जय झाला कीं लोक तेथें जमून त्यांवर कागदाच्या लांब पट्ट्या उडवीत. २०१० च्या नोव्हेंबरांत ऑबर्न २४-० असें मागें पडूनहि २८-२७ नें जिंकलें. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्यानें त्या झाडांच्या मुळांशीं विष घातलें, व तें आपणच रेडिओच्या कार्यक्रमांत फुशारकीनें सांगितलें. झाडें वांचलीं नाहींत; २०१३ सालीं तीं तोडावीं लागलीं.

त्याचें प्रेम खोटें होतें, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. तें खरें होतें, आणि म्हणूनच भय वाटतें. त्यानें संघावर घाव घातला नाहीं. दुसरे जेथें एकत्र आनंद करीत त्या जागेवर घातला. परंतु प्रतिपक्षच उरला नाहीं तर आपला पक्ष तरी कशाचा? चाळीस वर्षें दोन्हीकडच्या लोकांस तो अनुभव आलाच होता.

ती बातमी फुटतांच अलाबामाच्याच चाहत्यांनीं त्या झाडांकरितां वर्गणी गोळा केली. पुढें २७ एप्रिल २०११ रोजीं चक्रीवादळानें टस्कलूसा उद्ध्वस्त झालें, तेव्हां ऑबर्नचे लोक मदत जमवूं लागले, व त्या कार्यास त्यांनीं त्याच कोपऱ्याचें नांव दिलें. नोव्हेंबरांत दोन्ही संघ पुनः भिडले. अलाबामा ४२-१४ नें जिंकलें.