शोधून न सापडलेले

पुण्यातल्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग उघडावा, शीर्षकाच्या चौकटीत ‘न्यायकोश’ टाइप करावे आणि समोर कोरी यादी यावी, असे सहज घडू शकते. विद्यार्थी बहुधा तिथेच थांबतो आणि ‘लायब्ररीत नाही’ असे मनाशी ठरवून पुढे जातो. भीमाचार्य झळकीकरांचा हा कोश वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारला आणि १९२८ साली भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने तो प्रसिद्ध केला. संस्कृत शिकवणाऱ्या पुण्याच्या कॉलेजात तो असण्याचाच संभव जास्त. पण पुस्तक हाती लागते की नाही, हा इथे माझा प्रश्न नाही. कोऱ्या यादीवरून ‘नाही’ हे कळते तरी कसे, आणि त्या कळण्याला ज्ञान केव्हा म्हणावे, हा आहे. प्रश्न ग्रंथपालांच्या कामाचा वाटतो. तरी आपल्याकडच्या दर्शनांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे, आणि तो वाद ईश्वराच्या दारापर्यंत जाऊन पोहोचतो.

मीमांसक कुमारिल भट्टांचे अनुयायी अनुपलब्धी, म्हणजे न सापडणे, हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही हे आपल्याला कळते खरे, पण डोळ्यांना दिसते ती नुसती जमीन; घटाचे नसणे डोळ्यांना कुठे भिडते? कुमारिलांचा युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. एखादी जागा कोणी सकाळी पाहिली, आणि तिथे अमका होता का असे त्याला नंतर, दुसरीकडे, विचारले, तर ‘नव्हता’ हे त्याला त्या क्षणी कळते. तेव्हा ती जागा डोळ्यांसमोर नसते. मग हे ज्ञान प्रत्यक्ष कसे म्हणायचे? नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते इंद्रियेच अभाव दाखवतात, न दिसणे हे फक्त साहाय्यक. मीमांसकांतलेच प्राभाकर तर अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारतात. हे भांडण मिटवण्याची इथे गरज नाही, कारण एका अटीवर कुमारिल, नैयायिक आणि बौद्ध धर्मकीर्ती यांचे मत जुळते: कुठलेही न दिसणे चालत नाही, जी वस्तू असती तर दिसली असती तिचेच न दिसणे चालते. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असे होत नाही. संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पहिल्या न्यायग्रंथाच्या, तर्कसंग्रहाच्या, दीपिकेत अन्नंभट्ट ही अट तर्काच्या रूपात मांडतात: इथे घट असता तर जमिनीसारखा तोही दिसला असता. आता हे ‘असता तर’ कुठून येते ते पाहावे. ते जमिनीकडे टक लावून मिळत नाही. उजेड कसा आहे, डोळे कसे आहेत, घट केवढा असतो, हे आधीच ठाऊक असावे लागते. म्हणजे ‘नाही’ हे ज्ञान जिथे पाहिले तिथून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे बाहेरून आणावे लागते.

कॅटलॉगच्या बाबतीत ते बाहेरचे अर्धे फारच थोड्यांजवळ असते. ‘न्यायकोश’ची नोंद देवनागरीत असेल असे आपण धरून चालतो. जुन्या कार्डांवरून संगणकात उतरवताना ती रोमन लिपीत गेली असेल, शच्या जागी नुसता एस आला असेल, वर टिंबे-रेघा असतील किंवा नसतील, शेवटी विसर्ग लागला असेल. आडनाव ‘झळकीकर’ की ‘झलकीकर’ हे पुन्हा वेगळेच. टिळकांचे पुस्तक सगळे ‘गीतारहस्य’ म्हणून ओळखतात, पण १९१५ साली छापलेले नाव आहे ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’. शोधयंत्रे साधारणपणे अख्खा शब्द जुळवतात, फार तर शब्दाची सुरुवात. आपला समास मात्र ओळखीचा शब्द शेवटी नेऊन चिकटवतो. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नावावरचे दोन अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर वाचकाच्या सवयीतून गेले. नोंद करणाऱ्याने ते मुखपृष्ठावरून इमानाने उतरवले असतील तर आजचा विद्यार्थी ते टाइप करणार नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या संकेतक्रमांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्राला मात्र ते एक आहेत असे कोणी तरी सांगून ठेवावे लागते. याखेरीज एकाच बांधणीत गेलेली चार पुस्तके, देणगीत आलेले आणि अजून नोंद न झालेले संग्रह, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आता निरर्थक अक्षरांची रांग बनलेल्या नोंदी. प्रणाली कोहा असो, इन्फ्लिबनेटची सोल असो की पुण्यातच घडलेली स्लिम, हा दोष प्रणालीपेक्षा तिच्यात काय आणि कसे भरले याचा असतो. थोडक्यात, उजेड किती आहे हे इथे पडद्यावरून कळत नाही. खरा अंधार निदान अंधारासारखा दिसतो. कोरी यादी मात्र दोन्ही वेळी सारखीच स्वच्छ दिसते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो नैयायिकाच्याच तोंडी शोभेल. कॅटलॉग म्हणजे जमीन नव्हे, ते कोणाचे तरी वचन आहे. मग इथे अनुपलब्धीचा काय संबंध? हा शब्दप्रमाणाचा विषय झाला. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने अडचण वाढते. कॅटलॉग ‘आहे’ म्हणतो तेव्हा ते खरोखर वचन असते, नोंद करणाऱ्याने पुस्तक हातात घेऊन दिलेले. ‘नाही’ असे मात्र कोणीच कधी नोंदवलेले नसते. ते यंत्राने जुळणीच्या अपयशाला दिलेले नाव आहे. विश्वासू साक्षीदाराचे मौन नकार मानायचे असेल, तर पुस्तक असते तर तो बोललाच असता आणि प्रश्न त्याला कळला होता, या दोन्ही गोष्टी आधी सिद्ध व्हाव्या लागतात. फिरून पुन्हा त्याच अटीपाशी आलो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. अशाने कुठलेच ‘नाही’ कधी खात्रीचे होणार नाही, आणि काउंटरवरच्या ग्रंथपालाने काय करायचे? मला वाटते हा आक्षेप मीमांसकांना संशयवादी ठरवतो, आणि ते तसे मुळीच नव्हते. अट पुरी झाली की अभावाचे ज्ञान पक्के असते, असेच त्यांचे म्हणणे. ग्रंथालयात अशी जागा असते: ॲक्सेशन रजिस्टर. त्यात आलेल्या प्रत्येक प्रतीला ओळीने क्रमांक पडतो. ते नीट ठेवलेले असेल आणि संबंधित वर्षे कोणी ओळीन् ओळ वाचली, तर ‘हे पुस्तक इथे आलेच नाही’ हे विधान घटाच्या अभावाइतकेच भक्कम होते. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांनी मुंबई सरकारसाठी जमवलेली आणि डेक्कन कॉलेजमार्गे भांडारकर संस्थेत आलेली हस्तलिखिते आजही अमुक क्रमांक, अमुक साल अशीच उद्धृत होतात. त्या मोजक्या, बंद याद्यांबद्दल ‘नाही’ म्हणता येते. (‘आहे’चीही हमी कायमची नसते. ५ जानेवारी २००४ च्या हल्ल्यात याच संस्थेतल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस झाली.) आता पूर्ण मजकुरातच शोध घेणारी साधने आली, तेव्हा हा सगळा विचार लवकरच जुना होईल, असेही कोणी म्हणेल. साधन मोठे झाले की जास्त दिसते हे खरे. पण त्याच्या मर्यादा वापरणाऱ्याला तितक्याच कमी ठाऊक असतात, आणि त्याच्या नकारावर तो तितकाच जास्त विसंबतो.

आता ईश्वराकडे. अभ्यंकरांनीच संपादित केलेल्या सर्वदर्शनसंग्रहात पहिला मान चार्वाकाला आहे: जे दिसत नाही ते नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याला जे उत्तर दिले ते नेमके योग्यतेचे, म्हणजे ‘असते तर दिसले असते’ या त्याच अटीचे, आहे. ईश्वर हा इंद्रियांनी दिसण्याजोगा पदार्थच नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्याने काही सिद्ध होत नाही. उत्तर तर्कशुद्ध आहे, पण त्याची किंमत भाविक सहसा मोजत नाहीत. ज्याचे न दिसणे हिशेबात धरायचे नाही, त्याचे ‘दिसणे’ही मग किरकोळ योगायोगांतून मोजता येत नाही. परीक्षेत पास झालो म्हणून देव पावला, आणि नापास झालो तर देव इंद्रियातीत, हे चालणार नाही. उदयन स्वतः हा अप्रामाणिकपणा करत नाहीत. ते अनुमानाची वाट धरतात, आणि ती वाट कितपत नेते हा वेगळा वाद.

महाराष्ट्राची अडचण अशी की इथल्या संतांनी उदयनांचा आसरा घेतलाच नाही. देव भेटतो, डोळ्यांनी दिसतो, असाच त्यांचा दावा आहे. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवलेल्या गुरुदेव रानड्यांनी १९३३ च्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’मध्ये हा दावा पुरावा म्हणून गंभीरपणे घेतला. इथे योग्यता वस्तूकडून शोधणाऱ्याकडे सरकते: दिसत नसेल तर तुझा अधिकार नाही. हे लगेच फेटाळण्यासारखे नाही. कॅटलॉगमध्येही शोधणारा अडाणी असू शकतो. पण त्याचा अडाणीपणा निकालाआधी तपासता येतो. त्याला लेखनभेद, जुनी नावे ठाऊक आहेत की नाहीत हे विचारता येते. अधिकार फक्त ‘सापडले’ यावरूनच ओळखायचा असेल तर ती अटच पोकळ होते. संतपरंपरेने तसे केलेले नाही हे मात्र मान्य करायला हवे: क्रोध गेला का, भूतमात्रांविषयी दया आली का, बोलणे आणि वागणे एक झाले का, अशा सापडण्यावर न अवलंबणाऱ्या खुणा तिने दिल्या आहेत. मग या खुणा पुऱ्या करूनही ज्याला काही भेटले नाही, त्याचे न भेटणे पुरावा म्हणून धरलेच पाहिजे. तुकोबांच्या गाथेत तशा तक्रारीचे अभंग आहेत. रानड्यांनी त्यांना ख्रिस्ती गूढवाद्यांची ‘आत्म्याची काळी रात्र’ ही संज्ञा लावली, म्हणजे पहाटेआधीची अवस्था मानले. ज्याला पहाट दिसली त्याच्याबाबत ते ठीक. ज्यांनी तितक्याच निष्ठेने शोधले आणि त्या रात्रीतच देह ठेवला, त्यांचे अभंग कोण जपणार, त्यांची चरित्रे कोण लिहिणार? साक्षीदारांची ही यादी भेटलेल्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी भरलेली आहे, आणि तीत न भेटलेल्यांची नावे नाहीत यावरून तसे कोणी नव्हतेच असे म्हणता येत नाही. असते तरी त्यांची नोंद झाली नसती. रानड्यांच्या पुराव्याला माझा आक्षेप आहे तो एवढाच. चार्वाकालाही त्याचा फारसा उपयोग नाही, कारण न सापडलेले किती होते हे त्यालाही मोजता येणार नाही.